चिंबोरी-कोळंबीचा नमुना पाठवण्याआधी

‘व्हायरस टेस्ट करून द्या’ एवढंच लिहून बाटली आली की आमच्या प्रयोगशाळेचं काम तिथेच अडतं. पीसीआर चाचणी (डीएनएच्या प्रती वाढवून रोग ओळखणारी) ठरावीक विषाणूच शोधते आणि तो कोणत्या कुळातला आहे त्यावर पद्धत ठरते. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा विषाणू डब्ल्यूएसएसव्ही निमाव्हिरिडी कुळातला. त्याचा जीनोम (सगळा जनुकीय मजकूर) दुहेरी डीएनएचा, सुमारे ३ लाख बेस-जोड्यांचा. कोळंबीच्या यलो हेड (पिवळं डोकं) रोगाचा विषाणू रोनिव्हिरिडी कुळातला, एकेरी आरएनएचा. चिंबोरीचा रिओव्हायरस दुहेरी आरएनएचा, तोही तुकड्यातुकड्यांत. आरएनए असेल तर आधी त्यावरून डीएनए बनवावा लागतो. डब्ल्यूएसएसव्हीच्या चाचणीत ही पायरीच नसते, त्यामुळे आरएनएचे विषाणू तिला दिसत नाहीत. म्हणून डब्ल्यूएसएसव्ही निगेटिव्ह आला की ‘माल विषाणूमुक्त’ असा दाखला आम्ही देत नाही, व्यापाऱ्याने कितीही आग्रह केला तरी. कोळंबीतला ईएचपी तर विषाणूच नाही, तो सूक्ष्म परजीवी आहे, त्याची चाचणी वेगळी.

सगळ्यात जास्त खोळंबा होतो फॉर्मॅलिनमुळे. पालघर-रायगडहून येणारे नमुने टिकावेत म्हणून त्यात बुडवले जातात. पण फॉर्मॅलिन प्रथिनं आणि डीएनए-आरएनए एकमेकांत जखडून टाकतं, धागे तुटतात, आणि रोग असूनही निकाल निगेटिव्ह येऊ शकतो. असा नमुना आम्ही पीसीआरला घेत नाही आणि त्याचे पैसेही लावत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली ऊती पाहायच्या असतील तर तो चालतो, तसं अर्जावर लिहा.

पीसीआरसाठी जनावर जिवंत किंवा मरणपंथाला लागलेलं हवं. मेल्यानंतर आरएनए भराभर कुजतो. चिंबोरीचे कल्ले किंवा कोळंबीचे पोहण्याचे पाय कापून ९५ टक्के इथेनॉलमध्ये टाका: १ भाग ऊती, १० भाग इथेनॉल. अख्खी कोळंबी टाकली तर कवचातून इथेनॉल आत पोचत नाही. डब्ल्यूएसएसव्हीसाठी हेपॅटोपॅन्क्रियास (पचनग्रंथी) पाठवू नका, त्याच्या नलिकांच्या पेशींत तो वाढत नाही. ईएचपीसाठी मात्र तेच लागतं. डोळेही नकोत, त्यातले घटक चाचणी अडवतात. तळ्याचं नाव आणि तारीख पेन्सिलीने कागदावर लिहून तो बाटलीत टाका. पेनची शाई इथेनॉलमध्ये विरघळते आणि कुठली बाटली कुठल्या तळ्याची ते कळत नाही.

डब्ल्यूएसएसव्ही अंगात असूनही चिंबोरी धडधाकट दिसू शकते आणि शेजारच्या कोळंबीला तो देऊ शकते. त्यामुळे बी (लहान पिल्लं) तळ्यात सोडण्याआधीच तपासा. डीएनए आणि आरएनए दोन्ही गटांची एकत्र चाचणी आमच्याकडे होते, स्वतंत्र दोन करण्यापेक्षा ती स्वस्त पडते. इथेनॉल भरलेल्या बाटल्या मुंबईच्या काउंटरवर मोफत मिळतात.