आडनावाचं कोट ऑफ आर्म्स: ढालीपासून की-चेनपर्यंत

मावसभाऊ लंडन फिरून आला तेव्हा सगळ्यांसाठी की-चेन घेऊन आला. दुकानात फिरत्या स्टँडवर म्हणे आडनावांप्रमाणे लावलेल्या असतात, स्मिथ, टेलर, वॉकर, प्रत्येकावर ढाल, सिंह आणि खाली लॅटिनमध्ये काहीतरी. आता तिथे कुलकर्णी कुठून असणार, मग पठ्ठ्याने मर्फी उचललं, कारण आजोबांकडे मर्फी रेडिओ होता! घरात सगळे खूप हसलो, पण खरं सांगायचं तर रस्त्यातल्या कुठल्याही मर्फीने ती की-चेन घेतली असती तरी त्या ढालीवर त्याचा हक्क बहुतेक आमच्याइतकाच असता, म्हणजे शून्य.

कारण इंग्लंडमध्ये कोट ऑफ आर्म्स, म्हणजे ढालीवर काढलेलं हे मानाचं चिन्ह, आडनावाला मिळत नाही, माणसाला मिळतं. त्याच्यानंतर त्याच्या थेट वंशजांना, तेही मुलाकडून मुलाकडे. त्याच आडनावाच्या शेजाऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

ढालीवर चित्रं तशी फार आधीपासून होती, 1066च्या लढाईची गोष्ट सांगणारा तो लांबलचक भरतकामाचा पट्टा आहे ना, बायो टॅपेस्ट्री, त्यातही दिसतात, पण बापाचं चिन्ह मुलाकडे आलं असं तिथे काही नाही. ते सुरू झालं 12व्या शतकात. 1128 मध्ये फ्रान्समधल्या आंजू प्रांताच्या जेफ्रीला त्याच्या सासऱ्याने, म्हणजे इंग्लंडच्या पहिल्या हेन्रीने, सोनेरी सिंहांची ढाल दिली असं नंतर लिहिलेल्या चरित्रात येतं. आणि जेफ्रीचा नातू विल्यम लाँगस्पे, त्याची कबर सॉल्सबरीच्या कॅथेड्रलमध्ये आहे, तिच्यावरच्या पुतळ्याच्या ढालीवर पण तसेच सिंह. म्हणजे चिन्ह आता वारशाने चाललं होतं. चिलखतावर जो अंगरखा घालायचे त्यावरही तेच चिन्ह असायचं, म्हणून नावात कोट.

मग भांडणं आलीच. सगळ्यात भारी 1385 चं. दुसऱ्या रिचर्डची फौज स्कॉटलंडवर निघालेली, तिथे स्क्रोप आणि ग्रोव्हनर हे दोन सरदार समोरासमोर, आणि दोघांच्या ढालीवर सेम टू सेम, निळ्यावर सोनेरी तिरपा पट्टा. केस कित्येक वर्षं चालली, शेकड्यांनी साक्षीदार, त्यात कवी चॉसर पण. त्याने सांगितलं की लंडनच्या एका गल्लीत त्याला ती ढाल टांगलेली दिसली, त्याला वाटलं स्क्रोपचाच मुक्काम असेल, विचारलं तर कळलं ग्रोव्हनर म्हणून कोणी आहे, आणि ते नाव त्याने तोवर ऐकलंच नव्हतं. 1390 मध्ये राजाने निकाल स्क्रोपच्या बाजूने दिला, ग्रोव्हनरने पट्टा सोडून गव्हाची पेंढी घेतली. पण राग बघा, जवळपास 500 वर्षांनी ग्रोव्हनर घराण्यातल्या ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरने आपल्या घोड्याचं नाव ठेवलं बेंड ऑर, म्हणजे तोच सोनेरी पट्टा, आणि घोड्याने 1880 ची डर्बी मारली.

असले घोळ नकोत म्हणून 1484 मध्ये तिसऱ्या रिचर्डने कॉलेज ऑफ आर्म्सला, म्हणजे ही चिन्हं देणाऱ्या आणि नोंदवणाऱ्या संस्थेला, सनद दिली, ते अजून चालू आहे. 16व्या-17व्या शतकात त्यांचे अधिकारी जिल्ह्याजिल्ह्यात फिरून कोण खरा कोण खोटा तपासायचे. शेक्सपिअरच्या वडिलांनाही 1596 मध्ये तिथूनच चिन्ह मिळालं, ढालीवर भाला, कारण नावात स्पिअर. ही नावावरची कोटी फार चालायची, स्पेनमधल्या कास्तियाचा किल्ला आणि लिओनचा सिंह हाही तोच प्रकार, त्यामुळे आडनाव आणि चिन्ह एकच असा समज व्हायला ही मंडळीही थोडी जबाबदार आहेतच.

फ्रान्सच्या चौदाव्या लुईने तर 1696 मध्ये यातून पैसेच काढले, युद्धासाठी तिजोरी रिकामी झालेली, मग फर्मान की चिन्ह नोंदवा आणि फी भरा. ज्यांच्याकडे चिन्हच नव्हतं अशा कितीतरी व्यापारी-कारागिरांच्या गळ्यातही ते मारलं गेलं. तेव्हा की-चेनवाले काही फार नवीन धंदा करत नाहीयेत. विसाव्या शतकात अमेरिकेत टपालाने आडनावाची ढाल घरपोच मिळायला लागली, जुन्या पुस्तकातून त्या आडनावाच्या कुठल्यातरी माणसाचं चिन्ह उचलायचं आणि फ्रेम करून पाठवायचं.

सगळीकडे इंग्लंडसारखं नव्हतं म्हणा. पोलंडमध्ये एकच चिन्ह वेगवेगळ्या आडनावांची अनेक घराणी वापरायची, आपल्याकडे एक देवक आणि आडनावं दहा असतात ना, साधारण तसं. आणि पोर्तुगालमध्ये चिन्ह घराण्याच्या नावाशी बरंच घट्ट बांधलेलं. सिंत्राच्या राजवाड्यात राजा मानुएलने छतावर 72 सरदार घराण्यांच्या ढाली रंगवून घेतल्या. त्यातलं ताव्होरा घराणं गोव्यात माहीत असेल, त्यातला फ्रान्सिस्को द आसिस 1750 ते 1754 गोव्यात व्हाइसरॉय होता. परत गेल्यावर राजाच्या खुनाच्या कटाचा आरोप आला, 1759 मध्ये त्याला आणि त्याच्या बायकोला मृत्युदंड झाला, ताव्होरा आडनाव लावायला बंदी आली आणि छतावरची त्यांची ढालही पुसून टाकली. माणसं मारून भागलं नाही, चित्रसुद्धा! जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीच्या चर्चमध्ये जमिनीवर खाली बघत चाललात तर अशा ढाली कोरलेल्या थडग्यांच्या शिळा पायाखाली येतात.

इंग्रजांनी हे प्रकरण आपल्याकडे जोरात आणलं ते 1877 च्या दिल्ली दरबारात. संस्थानिकांना वाटायला रेशमी निशाणं केली, चिन्हं काढली रॉबर्ट टेलर नावाच्या सनदी अधिकाऱ्याने, युरोपियन पद्धतीची, आणि निशाणं तयार करून घेतली लॉकवुड किपलिंगने, जो आधी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायचा. त्या जे. जे.चे म्हणजे जमशेटजी जीजीभॉय यांना 1857 मध्येच बॅरोनेट (बापाकडून मुलाकडे जाणारी ब्रिटिश पदवी) केलं होतं, हा मान मिळालेले पहिले भारतीय. त्यांच्या ढालीवर चक्क आपले घाट, डोंगरामागून उगवणारा सूर्य आणि वर दोन मधमाश्या. आणि इथे तर सगळं उलटंच झालं, पदवी ज्याच्याकडे जाईल त्याने आपलं नाव बदलून जमशेटजी जीजीभॉय हेच लावायचं असा 1860 मध्ये खास कायदा झाला, त्यामुळे पुढचे सगळे बॅरोनेट कागदोपत्री जमशेटजीच.