मिरवणुकीतल्या वाद्यांपासून भोंग्यांपर्यंत : पार्श्वभूमी

मशिदीपुढून मिरवणूक वाजत न्यायची की नाही, याचे निवाडे एकोणिसाव्या शतकात पोलीस आणि कोर्टाकडे गेले. सणासमारंभात रस्त्यावर वाद्यं कितपत वाजवायची हे ठरवण्याचा अधिकार 1861 च्या पोलीस कायद्यानं अधिकाऱ्यांना दिला. 1893 मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल झाली. पुढच्याच वर्षी, सार्वजनिक गणेशोत्सवाच्या दिवसांत, पुण्यात दारूवाला पुलाजवळच्या मशिदीपाशी मेळ्याच्या (गाणी म्हणत जाणाऱ्या पथकाच्या) वाद्यांवरून मारामारी झाली. अशा वेळी अधिकारी बहुधा एकच करत: आधीच्या वर्षी काय झालं होतं ते विचारत आणि तीच वहिवाट पुढे चालवत. यानं गोष्टी शांत होण्याऐवजी बिघडल्या, असं माझं मत आहे. एकदा वाद्यं बंद ठेवली की तो पुरावा झाला, एकदा वाजवली की तोही पुरावा झाला. मग नमतं घेणं कुणालाच परवडेना.

या सगळ्यात प्रिव्ही कौन्सिलचा, म्हणजे ब्रिटिश काळातल्या लंडनमधल्या सर्वोच्च अपील न्यायालयाचा, 1924 चा निकाल महत्त्वाचा, आणि त्याचा सर्वांत चुकीचा वापर झाला. आजही तो हिंदू-मुस्लिम वादातला निकाल म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात दोन्ही पक्ष मुसलमान होते. संयुक्त प्रांतातल्या (आजच्या उत्तर प्रदेशातल्या) औरंगाबादेत (मराठवाड्यातलं नव्हे) शिया मिरवणूक मशिदीजवळ थांबून मातम (धार्मिक शोक) करी आणि त्यानं नमाजात व्यत्यय येतो, अशी सुन्नींची तक्रार होती. सार्वजनिक रस्त्यावरून आपापल्या धर्मविधींसह मिरवणूक नेण्याचा हक्क आहे, असं कौन्सिलनं सांगितलं. मुंबई उच्च न्यायालयानं 1877 मध्ये स्वतःचं विशेष नुकसान दाखवल्याशिवाय मिरवणुकीच्या हक्काचा दावा चालणार नाही म्हटलं होतं, ते इथं मागे पडलं. पण याच निकालात तीन अटी होत्या: वाहतुकीचे स्थानिक आदेश, मॅजिस्ट्रेटचे हुकूम आणि इतर जनतेचे हक्क. मिरवणूकवाल्यांनी हक्क तेवढा उचलला, विरोधकांनी अटी तेवढ्या. ज्याच्या कानावर तो आवाज पडतो, तो माणूस मधल्या मध्ये राहिला.

ध्वनिक्षेपक आल्यावर वादाचं स्वरूपच पालटलं. मिरवणूक पुढे सरकते, भोंगा एका जागी राहतो. मद्रासमधल्या एका चर्चचे ढोल आणि ध्वनिक्षेपक यांबद्दल शेजाऱ्यांनी केलेली तक्रार 2000 मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोहोचली. इतरांची शांतता भंग करून प्रार्थना करा, असं कोणताही धर्म सांगत नाही, असं न्यायालयानं म्हटलं. त्याच वर्षीच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. दोनच वर्षांत राज्यांना सणांसाठी वर्षात 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याची मुभा मिळाली.

अंमलबजावणी मात्र तक्रारीवर अडते, आणि शेजाऱ्याविरुद्ध नावानिशी तक्रार करायला कुणी धजत नाही. म्हणून जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तक्रारदाराची ओळख उघड होऊ देऊ नका, असं पोलिसांना बजावलं.