एका बाजूचा असणं वेगळं आणि मापात पाप करणं वेगळं

संध्याकाळी टीव्हीवर चर्चा सुरू झाली की लालबागच्या आमच्या घरात दहा मिनिटांच्या आत कोणीतरी म्हणतंच, "हा काय बोलणार, हा विकलेला आहे." बाबा म्हणतात, शेजारचे काका म्हणतात, सकाळी लोकलमध्ये पण तेच ऐकायला येतं. आणि दरवेळी पुरावा काय, तर तो अमुक पक्षाच्या बाजूने बोलतो. अरे पण बाजूने बोलणं म्हणजे खोटं बोलणं नाही ना! हा घोळ ऐकून ऐकून आता खरंच कंटाळा आलाय म्हणून एकदा नीट लिहून टाकते.

कोण कुठे झुकतो ते तुम्हाला सांगायला नको, पहिल्या दोन वाक्यांत कळतं. प्रवक्ता आणि राजकीय विश्लेषक यातला फरक पण सोपाय, एकाच्या नावाखाली पट्टीवर पक्ष लिहिलेला असतो, दुसऱ्याच्या नसतो. आणि बाजू घेण्याचं म्हणाल तर ते आपल्याकडे काही नवीन नाही. आचार्य अत्र्यांचा 'मराठा' 1956 मध्ये निघाला तोच संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यासाठी. 'सामना' 1988 मध्ये शिवसेनेचं मुखपत्र म्हणून निघाला, पक्ष फुटल्यावर आता तो ठाकरेंच्या शिवसेनेचं मुखपत्र आहे आणि तसं म्हणूनच विकला जातो, घेणाऱ्याला माहिती असतं आपण काय घेतोय. यात फसवणूक कुठेय?

फसवणूक कुठे होते ते सांगते. भाजीवाल्याला कोथिंबिरीपेक्षा मेथी आवडत असेल तर आवडू दे, तो मेथीचंच कौतुक करेल, चालतं. पण घ्यायचा तराजू एक आणि द्यायचा दुसरा असेल तर ते मापात पाप. टीव्हीवर बघायचं ते हेच, आवडनिवड सोडा, वजन बघा.

2024 चंच घ्या. जूनमध्ये लोकसभेला महाराष्ट्रातल्या 48 पैकी 30 जागा महाविकास आघाडीला, 17 महायुतीला, पण मतं बघितली तर दोघांचीही 43 टक्क्यांच्या आसपास. महायुतीकडे झुकणारा एखादा विश्लेषक तेव्हा म्हणाला की जागांवर जाऊ नका, मतं जवळपास सारखी आहेत, जनाधार शाबूत आहे. बाजू घेतली? घेतली. खोटं बोलला? अजिबात नाही, मुद्दा बरोबरच होता. आता नोव्हेंबरला या. विधानसभेला 288 पैकी भाजप, शिंदेंची शिवसेना आणि अजित पवारांची राष्ट्रवादी मिळून महायुतीला 230, आणि समोर काँग्रेस, ठाकरे, शरद पवार मिळून महाविकास आघाडीला 46. त्या तिघांची मतं मात्र 33 टक्क्यांच्या वर होती, म्हणजे तीनातला एक मतदार. जूनमध्ये टक्केवारी धरून बसलेला माणूस नोव्हेंबरमध्ये टक्केवारीचं नावही न घेता "विरोधक संपले" म्हणाला तर तिथे मी त्याला अप्रामाणिक म्हणणार, आणि दोन्ही वेळचे त्याचे आकडे खरे असले तरी म्हणणार.

दुसऱ्या बाजूला पण हेच. जूनमध्ये 30 जागा आल्या तेव्हा मतदान यंत्रांबद्दल ज्याने चकार शब्द काढला नाही आणि नोव्हेंबरमध्ये 46 आल्यावर सगळा दोष यंत्रावर टाकला, त्याने आधी जूनच्या यंत्रांचं काय ते सांगावं. यंत्रांवर शंका घेऊ नये असं मी म्हणत नाहीये, शंका असेल तर ती जिंकल्यावर पण घ्यावी एवढंच.

आपल्या मुंबईतलं उदाहरण तर अजून जवळचं आहे. त्याच लोकसभेला वायव्य मुंबईत शिंदेंच्या शिवसेनेचे रवींद्र वायकर ठाकरेंच्या शिवसेनेच्या अमोल कीर्तिकरांपेक्षा फक्त 48 मतांनी पुढे राहिले. इतका निसटता निकाल बघून "मोजणीबद्दल मला शंका आहे" म्हणणं हे मत झालं, ते कोणीही मांडावं. पण यंत्र ओटीपीने उघडतं ही बातमी आली, निवडणूक अधिकाऱ्यांनी पत्रकार परिषदेत ओटीपी लागतच नाही, यंत्र कशालाही जोडलेलं नसतं असं सांगितलं, आणि त्यानंतरही हा खुलासा प्रेक्षकांना न सांगता तीच बातमी रेटत राहणं, हे मत नाही. आणि तसंच 48 मतांच्या विजयाला "मुंबईकरांचा स्पष्ट कौल" म्हणणं पण नाही.

मला सर्वात जास्त राग येतो तो "आम्ही तटस्थ" या पट्टीचा. दोघांना तीन तीन मिनिटं दिली की झालं तटस्थ? एक धडधडीत चुकीचा आकडा सांगतोय आणि अँकर "हा त्यांचा दृष्टिकोन" म्हणून पुढे जातो, प्रेक्षकाला कळणार कसं की आकडा चुकलाय. त्यापेक्षा उघडपणे एका बाजूचा पण तराजू सरळ असलेला माणूस मी कधीही ऐकेन, त्याचं वजा करून घ्यायचं किती ते मला माहिती असतं. तटस्थ म्हणवणाऱ्याचं काय वजा करणार?

अजून एक बघायचं, चुकल्यावर काय करतो. 1 जून 2024 च्या बहुतेक एक्झिट पोलनी एनडीएला 350 च्या पुढे नेलं होतं, आल्या 293. त्या आकड्यांवर तीन दिवस छातीठोक बोललेल्यांपैकी 5 तारखेला "माझं चुकलं" म्हणून सुरुवात कोणी केली ते आठवून बघा.

बाबांनी आता टीव्हीजवळ एक वही ठेवलीये. तारीख, नाव, काय म्हणाला, बस. ज्या विश्लेषक बाईंना ते सगळ्यात जास्त शिव्या घालायचे त्यांची जूनची आणि नोव्हेंबरची नोंद त्यांनी शेजारी शेजारी ठेवून वाचली, दोन्हीकडे जागा पण होत्या आणि टक्केवारी पण. बाईंचं म्हणणं त्यांना अजूनही पटत नाही, पण "विकलेली" हा शब्द त्यांनी परत वापरलेला नाही.