३८१६५४७२९ : नऊ चिठ्ठ्यांची एकच रांग

१ ते ९ हे अंक नऊ चिठ्ठ्यांवर लिहा आणि अशा रांगेत लावा, की पहिल्या दोन अंकांच्या संख्येला २ ने भाग जाईल, पहिल्या तिनांच्या संख्येला ३ ने, चारांच्या ४ ने, असं करत अख्ख्या संख्येला ९ ने.

रांगा किती होतील? चाळीसगावजवळच्या पाटणचा १२०७ सालचा शिलालेख सांगतो, की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला. त्या आजोबांच्या 'लीलावती'तलं 'अंकपाश' प्रकरण याच हिशेबाचं आहे: १ पासून ९ पर्यंतचा गुणाकार, म्हणजे ३,६२,८८०. त्यातली एकच रांग अटीत बसते. अडतीस कोटी सोळा लाख चोपन्न हजार सातशे एकोणतीस.

लाखो भागाकार करायची गरज नाही. ५ पाचव्या जागीच बसणार, कारण ० आपल्याकडे नाही. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या, आठव्या जागी सम अंक. उरलेल्या जागी १, ३, ७, ९. तिसरा अंक विषम असल्याने ४ च्या कसोटीत चौथा २ किंवा ६ च निघतो. ६ ने भाग जायचा, तर चौथ्या, पाचव्या, सहाव्या अंकांची बेरीज ३ च्या पाढ्यात हवी. म्हणून मधला तुकडा २५८ किंवा ६५४, तिसरा पर्याय नाही.

आता ८. इथे बरेच जण घसरतात. कसोटी शेवटच्या तीन अंकांची असते, पण सहावा अंक सम आहे, आणि सम शतकाला ८ ने भाग जातोच. तेव्हा सातवा-आठवा अंक मिळून १६, ३२, ७२ किंवा ९६ झाले पाहिजेत. २५८ सोबत आठव्या जागी ६ आणि दुसऱ्या जागी ४. ६५४ सोबत आठव्या जागी २ आणि दुसऱ्या जागी ८. पहिल्या तीन अंकांची ३ ची अट लावली, की अवघे दहा उमेदवार उरतात: दोन २५८ वाले, आठ ६५४ वाले.

७ ची अट मुद्दाम शेवटी ठेवायची. तिची सोपी कसोटी नाही, सरळ भागाकार करावा लागतो, आणि तो दहादा करणं परवडतं. १४७२५८९ ला बाकी ६, ९८७६५४३ ला ५... फक्त ३८१६५४७ ला शून्य; भागाकार ५४५२२१. नवव्या अंकाची चिंता नको: १ ते ९ ची बेरीज ४५, रांग कशीही लावा, ९ ने भाग जातोच.

शेवटी ० जोडलं, तर १० चीही अट पुरी होते. दहा अंक झाले, पण हा मोबाइल नंबर काही कुणाला मिळायचा नाही. आपल्याकडे ते ३ ने सुरू होत नाहीत.

अंक पुन्हा वापरायची मुभा दिली, तर ही साखळी २५ अंकांपर्यंत पोचते. तिथेही एकच संख्या टिकते: ३६०८५२८८५०३६८४००७८६०३६७२५. तिच्यापुढे ० ते ९ पैकी कोणताही अंक लावा, २६ ने भागल्यावर बाकी उरतेच.