पाठनिरीक्षणोत्तर प्रत्याभरण

पाठनिरीक्षणोत्तर प्रत्याभरण म्हणजे सहकारी शिक्षकाचा पाठ वर्गात बसून पाहिल्यावर, तेव्हा घेतलेल्या नोंदी समोर ठेवून त्याच्याशी केलेली चर्चा. महाराष्ट्रातील शाळांत पाठनिरीक्षण जुनेच आहे; मुख्याध्यापक लॉगबुकात शेरे लिहीत आले आहेत. मात्र ‘विषयज्ञान उत्तम, फलकलेखनात सुधारणा हवी’ एवढ्या शेऱ्यावरून उद्याच्या तासाला फळ्यावर काय बदलायचे ते शिक्षकाला कळत नाही.

अध्यापक विद्यालयांत ही पद्धत सूक्ष्म अध्यापनातून, म्हणजे एकाच कौशल्याच्या सरावासाठी मोजक्या विद्यार्थ्यांसमोर घेतलेल्या छोट्या पाठातून, परिचयाची होते. हे तंत्र १९६०च्या दशकात अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झाले. त्याच्या भारतीय प्रतिमानातील चक्र ३६ मिनिटांचे आहे : पाठ ६, प्रत्याभरण ६, पुनर्नियोजन १२, पुनर्पाठ ६ आणि पुन्हा प्रत्याभरण ६. सर्वाधिक वेळ पुनर्नियोजनाला आहे, हे ध्यानात घेण्याजोगे. मॉरिस कोगन आणि रॉबर्ट गोल्डहॅमर या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी मांडलेल्या चिकित्सक पर्यवेक्षणात (शिक्षकासोबत बसून त्याच्या पाठाची बारकाईने पाहणी करण्याच्या पद्धतीत) पाठापूर्वीच्या भेटीलाही तितकेच महत्त्व आहे. जपानमधील ‘जुग्यो केनक्यू’ या पाठ-अभ्यासाच्या परंपरेत शिक्षक मिळून पाठ आखतात, एक जण तो घेतो आणि बाकीचे मुलांकडे पाहतात.

पाठापूर्वी पाच मिनिटे भेटून टाचण (पाठाचा लेखी आराखडा) पाहावे आणि ‘नेमके काय पाहू?’ असे विचारावे. मुद्दा एकच ठरवावा, फार तर दोन. निरीक्षकाने तास सुरू होण्याआधीच वर्गात जाऊन बाजूच्या बाकावर बसावे. अगदी मागे बसल्यास मुलांच्या फक्त पाठी दिसतात. पाठ चालू असताना मध्येच बोलून शिक्षकाची चूक दुरुस्त करू नये.

सारी भिस्त नोंदींवर असते. कागदाचे तीन रकाने करावेत : वेळ, शिक्षक काय म्हणाले वा केले, मुलांनी काय केले. ‘मुले कंटाळली’ हा निष्कर्ष झाला, ‘११.२० : खिडकीकडच्या चार जणांच्या वह्या मिटलेल्या’ ही नोंद झाली. प्रश्न विचारणे हा मुद्दा ठरला असेल, तर बैठकीचा नकाशा काढून उत्तर देणाऱ्याच्या जागी प्रत्येक वेळी रेघ मारावी. १४ प्रश्नांपैकी ११ उत्तरे पुढच्या दोन बाकांवरून आली, हे नकाशाच दाखवतो. वेगळे सांगावे लागत नाही. प्रश्नानंतर शिक्षक किती थांबले तेही मोजावे. अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांच्या अभ्यासात हा विराम सरासरी सुमारे एका सेकंदाचा आढळला. तो तीन सेकंदांवर नेल्यावर मुलांची उत्तरे लांबली.

चर्चा त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, दोघांच्या ऑफ तासाला करावी. पंधरा-वीस मिनिटे पुरतात. त्यासाठी शिक्षक-खोली टाळून रिकामा वर्ग किंवा प्रयोगशाळा गाठावी, कारण चारचौघांत साधी सूचनाही उणेदुणे वाटते. आधी पाठ घेणाऱ्याने बोलावे, मग नोंद दाखवावी आणि अर्थ त्यालाच लावू द्यावा. सूचना उद्या करून पाहता येईल इतकी लहान हवी : ‘प्रश्न विचारल्यावर मनात तीनपर्यंत मोजा, मग मागच्या बाकावरच्या कुणाचे तरी नाव घ्या.’ ‘मुलांचा सहभाग वाढवा’ ही सूचनाच नव्हे.

चर्चा फसते ती बहुधा भिडेपोटी. वयाने लहान शिक्षक ज्येष्ठ सरांना ‘पाठ छान झाला’ म्हणून मोकळा होतो. ज्येष्ठ असले तर ‘मी असतो तर…’ असे सुरू करून स्वतःचाच पाठ सांगत बसतात. ‘छान झाला, पण…’ हेही टाळावे. ऐकणाऱ्याच्या लक्षात ‘पण’च्या पुढचेच राहते. कौतुक करायचेच तर तेही नेमके असावे : कोणते उदाहरण दिल्यावर कोणत्या मुलाला गणित उमगले, ते सांगावे. दहा मुद्द्यांची यादी हातात ठेवली की एकही अमलात येत नाही. सर्वांत घातक म्हणजे या नोंदी गोपनीय अहवालात वापरणे. तसे एकदा घडले की पुढच्या वेळी सराव करून घेतलेला दिखाऊ पाठच पाहायला मिळतो. म्हणून नोंदीचा कागद पाठ घेणाऱ्याकडेच द्यावा.

दोन-तीन आठवड्यांनी त्याच मुद्द्यापुरते पुन्हा दहा मिनिटे वर्गात बसावे. रेघा पूर्वीसारख्याच पुढच्या बाकांवर पडल्या, तर आधी सूचनाच तपासावी. साठ मुलांच्या वर्गात बाकांमधून फिरायलाच वाट नसेल, तर ‘मागच्या मुलांजवळ जाऊन विचारा’ हे सांगणाराच चुकलेला असतो.