स्फिंगॉइड बेस: सस्तन प्राण्यांतली रचना

स्फिंगॉइड बेस म्हणजे पेशीच्या पडद्यातल्या स्फिंगोलिपिड ह्या स्निग्ध रेणूंच्या सगळ्या खानदानाचा कणा, ह्यालाच लाँग-चेन बेस पण म्हणतात. कार्बनची लांब साखळी, दुसऱ्या कार्बनवर अमिनो (नायट्रोजनवाला) ग्रुप, पहिल्या आणि तिसऱ्यावर ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी). आपल्यात म्हणजे सस्तन प्राण्यांत सगळ्यात जास्त असतो तो स्फिंगोसिन, १८ कार्बनचा, चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये एक ट्रान्स डबल बाँड, शॉर्टमध्ये डी१८:१ (डी म्हणजे दोन ओएच, शेवटचा १ म्हणजे एक डबल बाँड). नाव १८८४ चं, लंडनमध्ये मेंदूतली रसायनं वेगळी करणाऱ्या थुडिकुम ह्या डॉक्टरने कोडं घालणाऱ्या स्फिंक्सवरून ठेवलेलं, आणि रचना हर्बर्ट कार्टर यांच्या ग्रुपने मांडली ती थेट १९४७ मध्ये.

हे १८ कार्बन येतात कुठून हे नीट कळलं की बाकीचं सोपं जातं. नौपाड्यात घरी बीएस्सीची मुलं शिकायला येतात त्यांना मी मण्यांची माळ ओवायला लावते: पामिटिक ह्या फॅटी ॲसिडचे १६ पांढरे मणी, सेरिन ह्या अमिनो ॲसिडचे ३ लाल, आणि जोडताना सेरिनचा एक लाल मणी कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो, म्हणून १६ अधिक २. पहिला आणि दुसरा कार्बन सेरिनचा, तिसऱ्यापासून पुढे सगळं पामिटिकचं. हे काम सेरिन पामिटॉइलट्रान्सफरेज हे एन्झाइम करतं, त्याला व्हिटॅमिन बी६ पासून बनलेला को-फॅक्टर, म्हणजे मदतनीस रेणू, लागतो. पामिटिकऐवजी १८ कार्बनचं स्टिअरिक घेतलं तर माळ २० ची होते, मेंदूतल्या गँग्लिओसाइडमध्ये (साखरेची साखळी लागलेल्या स्फिंगोलिपिडमध्ये) अशी २० वाली बरीच सापडते.

डबल बाँड मात्र सुरुवातीला नसतो. आधी बनतो स्फिंगॅनिन (डी१८:०), त्याच्या अमिनो ग्रुपला फॅटी ॲसिड जोडलं जातं आणि मग डीईएस१ एन्झाइम तो बाँड घालून सेरामाइड तयार करतं, म्हणजे मोकळा स्फिंगोसिन पेशीत मिळतो तो सेरामाइड तुटल्यावरच. हा बाँड ट्रान्स असल्यामुळे शेपूट सरळ राहते, शेंगदाणा तेलातल्या ओलेइक ॲसिडसारखी सिस बाँडने वाकत नाही, त्यामुळे पेशीच्या पडद्यात हे रेणू दाटीने बसतात. सेरामाइडच्या पहिल्या कार्बनच्या ओएचवर फॉस्फोकोलिन लागलं की स्फिंगोमायलिन, साखर लागली की ग्लायकोस्फिंगोलिपिड.

बाकीचे प्रकार बघायला लॅबमध्ये जायची गरज नाही. गोखले रोडच्या एखाद्या मेडिकलमधून आणलेल्या मॉइश्चरायझरची ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचा, बऱ्याच ट्यूबवर सेरामाइड एनपी लिहिलेलं असतं, त्यातला पी म्हणजे फायटोस्फिंगोसिन: डबल बाँड नाही, चौथ्या कार्बनवर तिसरा ओएच. एस असेल तर स्फिंगोसिन, एच असेल तर सहाव्या कार्बनवर जादा ओएच. पी आणि एच दोन्ही आपल्या त्वचेत मुळातच असतात. शिवाय चौदाव्या कार्बनवर दुसरा, सिस डबल बाँड असलेला डी१८:२ पण असतो, तो एफएडीएस३ एन्झाइम बनवतं.

खरी किंमत कळते ती पहिल्या कार्बनची. कधी कधी माळ जोडणारं सेरिन पामिटॉइलट्रान्सफरेज सेरिनऐवजी ॲलनिन हे दुसरं अमिनो ॲसिड उचलतं, माळेत लाल मणी दोनच पण पहिल्या मण्याला ओएच नाही. बेस मोडीत काढायचा तर आधी त्याच ओएचवर फॉस्फेट लावावं लागतं, मग लायेज एन्झाइम साखळी तोडतं, इथे फॉस्फेट चिकटायला जागाच नाही, म्हणून हा १-डीऑक्सी बेस नेहमीच्या वाटेने तुटत नाही आणि साठत जातो. ह्याच एन्झाइमच्या एसपीटीएलसी१ किंवा एसपीटीएलसी२ जीनमध्ये बिघाड असलेल्या घराण्यांत हे फार वाढतं, पायांच्या नसा मरत जातात आणि तळव्याला झालेली जखम माणसाला कळतच नाही. अशा पेशंटना जादा सेरिन दिल्यावर रक्तातलं डीऑक्सी बेसचं प्रमाण खाली आलेलं दिसलंय.