रक्त थांबलं म्हणजे आतडं भरून आलं?

२८ ऑगस्ट २०२० रोजी जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांनी राजीनामा जाहीर केला. कारण होतं अल्सरेटिव्ह कोलायटिस, मोठ्या आतड्याचा जुनाट दाह. याच दुखण्याने २००७ मध्येही त्यांची पंतप्रधानकी अर्धवट राहिली होती. त्या पत्रकार परिषदेतला एक तपशील राजकारणाच्या धुरळ्यात मागे पडला, पण मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. आजार उलटण्याची चिन्हं जूनमधल्या नेहमीच्या तपासणीत दिसली होती. तब्येत बिघडल्याचं त्यांना जाणवलं ते थेट जुलैच्या मध्यावर.

रुग्णाला काहीच होत नसताना डॉक्टरांना आजार दिसतो, तो कसा?

या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरावरच उठते. दाह गुदाशयापासून सुरू होतो आणि सलग वर सरकतो. शौचावाटे रक्त आणि आव पडते, पोटात मुरडा येतो, दिवसातून दहा-दहा वेळा धावावं लागतं. आपल्याकडे रक्त दिसलं की मूळव्याध समजून घरगुती उपाय सुरू होतात आणि निदानाला महिने लागतात. आजार मुळातून जात नाही. कधी शांत होतो, कधी उसळतो. ‘मुळासकट बरा करतो’ म्हणणाऱ्यांचं फावतं ते यामुळेच, कारण आजार आपोआप शांत झाला तरी श्रेय त्या वेळी चालू असलेल्या पुडीला मिळतं. देशात अशा पुड्यांत स्टेरॉइडची भेसळही सापडलेली आहे. तिने रक्त थांबेलही, पण हाडं ठिसूळ होतील आणि साखर वाढेल त्याचं काय?

रुग्णाच्या सांगण्यावर विसंबता येत नाही, हे डॉक्टरांना फार आधी कळलं होतं. ऑक्सफर्डच्या ट्रूलव्ह आणि विट्स यांनी १९५५ मध्ये २१० रुग्णांवरची कॉर्टिसोन या स्टेरॉइडची चाचणी प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी ट्रूलव्ह आणि रिचर्ड्स यांनी बायोप्सीचे, म्हणजे अस्तराचा बारीक तुकडा काढून केलेल्या तपासणीचे, निष्कर्ष मांडले. त्रास थांबलेल्या, दुर्बिणीतूनही आतडं ठीक दिसणाऱ्या काही रुग्णांच्या अस्तरात सूक्ष्मदर्शकाखाली दाह होताच.

दुर्बिणीतून काय दिसतं? निरोगी अस्तर गुलाबी, ओलसर आणि चकचकीत असतं, त्यात रक्तवाहिन्यांची बारीक जाळी स्पष्ट दिसते. सूज आली की जाळी पुसट होते, मग दिसेनाशी होते. नुसत्या स्पर्शाने रक्त येतं. शेवटी व्रण पडतात. १९८७ पासून वापरात असलेल्या मेयो गुणांकनात याला ० ते ३ गुण देतात. पण डोळ्यांत फरक असतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका औषधाच्या चाचणीत जागेवरच्या डॉक्टरांनी सहभागासाठी पात्र ठरवलेल्या रुग्णांचे व्हिडिओ दूरच्या तज्ज्ञाने पाहिले, तेव्हा ३१ टक्के रुग्ण अपात्र निघाले!

म्हणून मला मळात मोजता येणाऱ्या कॅल्प्रोटेक्टिन या प्रथिनाचं भारी कौतुक आहे. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी आपली अस्थिमज्जा दिवसाला सुमारे १०० अब्ज तयार करते. आतड्यात दाह पेटला की तिथून रासायनिक हाका सुटतात. रक्तातून वाहणारे न्यूट्रोफिल वाहिनीच्या भिंतीवर गडगडत येतात, चिकटतात, दोन पेशींच्या फटीतून अंग चोरून बाहेर पडतात, अस्तर ओलांडतात आणि थेट आतड्याच्या पोकळीत उतरून मरतात. त्यांच्या पेशीद्रवात विरघळलेल्या प्रथिनांपैकी जवळपास निम्मं एकच असतं, ते म्हणजे कॅल्प्रोटेक्टिन. एस-१००-ए-८ आणि एस-१००-ए-९ अशा दोन साखळ्यांची ही जोडी. तिच्यात धातू पकडण्याच्या दोन जागा आहेत. एका जागी हिस्टिडीन या अमिनो आम्लाचे सहा रेणू मिळून मँगनीज घट्ट धरतात. जस्त दोन्ही जागी बसतं. हे धातू मिळाले नाहीत की जिवाणूंची उपासमार होते. शिवाय कॅल्शियम मिळालं की दोन जोड्या एकत्र येऊन चौकडी बनते, आणि तिला प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स सहज फोडू शकत नाहीत. जिवाणूंनी खच्चून भरलेल्या मळातही हे प्रथिन काही दिवस टिकतं ते यामुळे!

नॉर्वेच्या फागेरहोल यांच्या गटाने १९८० मध्ये ते वेगळं केलं. आज मळाच्या चिमूटभर नमुन्यात ते मोजता येतं. एका ग्रॅममध्ये ५० मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे निर्धास्त. २५० च्या वर गेलं तर दाह असण्याची दाट शक्यता. मधला पट्टा संदिग्ध. अमेरिकन गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०२३ च्या मार्गदर्शनानुसार, त्रास नसलेल्या रुग्णात आकडा १५० च्या खाली असेल तर नेहमीची दुर्बीण टाळता येते. आणि आजार उलटणार असेल तर हा आकडा दोन-तीन महिने आधीपासूनच चढू लागल्याचं दिसलं आहे. मात्र तो दाह सांगतो, दाहाचं कारण नाही. अमीबाची आव, आतड्याचा क्षय, फार काय, सततच्या वेदनाशामक गोळ्यांनीही तो वाढतो. त्यामुळे आकडा बघून स्वतःच औषध वाढवणं किंवा सोडणं धोक्याचं.

उरते बायोप्सी. २०१७ च्या नॅन्सी निर्देशांकात पॅथॉलॉजिस्ट पुन्हा न्यूट्रोफिलच शोधतो: तुरळक दिसले तर २, भरपूर असतील तर ३, व्रण असेल तर थेट ४. एकही नसेल तर ० किंवा १. ज्यांच्या तुकड्यात न्यूट्रोफिल नसतात, त्यांचा आजार उलटण्याचं प्रमाण कमी असतं.

तरीही २०२१ च्या स्ट्राइड-२ या आंतरराष्ट्रीय शिफारशींत रुग्णाचा त्रास, कॅल्प्रोटेक्टिन आणि दुर्बिणीतलं अस्तर ही उपचारांची अधिकृत उद्दिष्टं आहेत, बायोप्सी मात्र नाही. मला हे पटतं. माणूस ठणठणीत आहे, अस्तर स्वच्छ आहे, केवळ चार न्यूट्रोफिल दिसले म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध वाढवायचं, तर संसर्गाचा धोका आणि खर्च दोन्ही वाढतात. बदल्यात काय मिळेल हे आधी सिद्ध व्हायला हवं. ‘व्हर्डिक्ट’ ही चाचणी नेमकी त्यासाठीच आखलेली आहे. तिच्यात एका गटाचे उपचार लक्षणं जाईपर्यंत, दुसऱ्याचे दुर्बिणीत अस्तर भरलेलं दिसेपर्यंत, आणि तिसऱ्याचे बायोप्सीही स्वच्छ येईपर्यंत वाढवत नेले जातात.